त्याच्या आवडीचं

चकत्यांना गुळाचा रंग चढत होता, पण दमयंतीचा राग काही उतरत नव्हता. पुढच्या पडवीत तिच्या नवऱ्याच्या, भिकाजीच्या तेराव्याची पानं मांडली जात होती, आणि ती मागच्या चुलीपुढे बसून कुणा परक्या बाईच्या हातचा पदार्थ रांधत होती.

"त्याच्या आवडीचं कायतरी कर गो," सासू येसूबाई सकाळीच म्हणाली होती. "बोटीवरून आला की त्या कमळाच्या मुळांचंच घेऊन बसायचा. तेवढं त्याच्या पानावर पडूंदे." मग दीर रघू देवळाच्या तळ्यात उतरला आणि चिखलाने बरबटलेली कमळकाकडी टोपलीभर घेऊन आला. बाकी स्वयंपाक जावांनी केला. हे एक मात्र दमयंतीने स्वतःकडे घेतलं. म्हणे आवडीचं! कुणामुळे आवडीचं, ते तिला एकटीला ठाऊक होतं.

भिकाजी मालाच्या बोटीवर होता. गावात सांगायचा, इंजिनात आहे. वर्षातून एकदा घरी यायचा, साबण, छत्री, नायलॉनचं पातळ घेऊन. एका वर्षी सिंगापूर करून आला आणि जेवताना म्हणाला, "तिकडं कमळाच्या मुळांचं गोड कालवण करतात. आडव्या चकत्या, गूळ, अननसाचा रस, वर आलुबुखार. झाकून मंद विस्तवावर ठेवायचं. ढवळायचं मात्र नाय, चकती मोडते."

दमयंतीचा घास हातातच राहिला. इंजिनातल्या बाप्याला चकती मोडते हे कुठून कळलं? कुणीतरी पदर खोचून चुलीपुढे बसली असणार, आणि हा शेजारी पाट टाकून बघत असणार. त्यात आंबट-गोड! आंब्याचं सासव पानात पडलं तर बोटाने बाजूला सारणारा हा माणूस. दमयंती मात्र सासवाची कढई चाटूनपुसून लख्ख करायची, त्यावरून तो तिला चिडवायचा. असा माणूस आंबट-गोडाचे गोडवे गातो म्हणजे पदार्थात काही नाही, जे काय आहे ते करणारीच्या हातात. तिने मनाशी पक्कं केलं आणि तोंडाला कुलूप लावलं. विचारलं असतं तर? पण विचारायचं कशाला, खरं ऐकायला?

त्यानंतर तो दर खेपेला तोच विषय काढायचा आणि ती दर खेपेला उठून जायची. त्याच्या हातांवर चटक्यांचे डाग असायचे. "इंजिन तापतं गो," म्हणायचा. आधी ती त्यांना खोबरेल लावायची. मग तेही सोडलं.

शेवटच्या रजेत तर त्याने कमालच केली. स्वतः तळ्यात उतरून गोणभर मुळं काढली, धुतली, आणि अननस काखेत मारून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. चोरासारखा मागे बघत म्हणाला, "दमे, जरा बाजूला सर. मला चुलीकडं येऊंदे." तेवढ्यात येसूबाईची चाहूल लागली आणि तो गप्प झाला. बाप्या माणसाने चुलीपाशी यायची त्या घरात रीत नव्हती.

दमयंतीने गोण उचलली आणि उकिरड्यावर नेऊन रिकामी केली. "जिच्या हातची चव लागलीय तिच्याकडंच जावा तुमी," ती म्हणाली. "परत इकडं आला नाय तरी चालंल."

तो काहीतरी बोलणार होता. येसूबाई दारातच उभी होती, म्हणून बोलला नाही. दोन दिवसांनी बोटीवर गेला आणि वाटेत तापाने गेला. देहसुद्धा घरी आला नाही, आली ती नुसती तार.

आणि आता ती त्याच बाईचं कालवण रांधत होती. आलुबुखार नव्हतं म्हणून रातांब्याची सोलं घातली. ढवळलं नाही. चाखलंही नाही, गेलेल्याच्या पानावर पडल्याशिवाय चाखायचं नसतं. घे, मनात म्हणाली, पोटभर खा तिच्या हातचं.

वेगळ्या मांडलेल्या पानावर तिने पहिल्या चकत्या वाढल्या. मग पंगतीत वाढत धाकूपाशी आली. धाकू भिकाजीच्याच बोटीवरचा, मुंबईहून मुद्दाम आला होता. त्याने एक चकती तोंडात घातली आणि त्याचे डोळे भरले.

"वैनी, हुबेहूब त्याच्या हातची चव."

"कुणाच्या?" दमयंतीने विचारलं.

"भिकाजीच्या. दुसऱ्या कुणाच्या?" धाकूने ओटीवरच्या येसूबाईकडे बघून आवाज खाली आणला. "आता लपवून काय करायचंय? बोटीवर आचारी होता तो. भाकऱ्या थापतो म्हटल्यावर गाव हसेल, आई तोंड दाखवणार नाय, म्हणून इंजिनाचं सांगायचा. सिंगापुरात एका म्हाताऱ्या चिन्याच्या खानावळीत हे शिकलान. किती हात भाजून घेतलान. बोलायचा, घरात कसं सांगू कळत नाय, पण एकदा करून घातलं की तिचं तिला कळंल."

दमयंतीच्या हातातलं पातेलं कललं. पाक तिच्या पायावर सांडला. तिला चटका कळला नाही.

"अगो, बघतेस काय?" येसूबाई ओटीवरून ओरडली. "त्याच्या पानावर आणखी वाढ. त्याला किती आवडायचं!"

धाकूने मान हलवली.

"त्याला कुठलं आवडतंय, वैनी? एक चकतीसुद्धा कदी तोंडात घातलान नाय. तुमाला आंबट-गोड आवडतं म्हणून शिकलान तो."