एक तरी नाव

शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत मावशीने तीस वर्षं मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवलं. लाजेपोटी ती माणसं उसवलेली पँट काखेत मारून, शिवायला आल्याचं सोंग करत यायची, आणि मावशी कुणाचं नाव बाहेर फुटू द्यायची नाही. पण भाचीने हट्टाने जीवनगौरव पुरस्कारासाठी तिचा अर्ज भरला, आणि आज दोघी समितीपुढे बसल्या होत्या.

"निदान एका विद्यार्थ्याचं नाव सांगा, बाई," सेक्रेटरी तिसऱ्यांदा म्हणाले. "नाहीतर आम्ही खरं कसं मानायचं?"

"मावशी, अगं एक तरी नाव! तोंडाला काय टाके घातलेस का?" भाचीचा जीव नुसता वरखाली होत होता.

"शब्द दिलाय मी त्यांना," एवढंच मावशी म्हणाली. टेबलाखाली तिचा पाय मात्र मशीन चालवल्यासारखा एकसारखा हलत होता.

शेवटी सेक्रेटरींनी तिथल्या तिथे निकाल खरडला आणि वाचून दाखवायला अध्यक्षांच्या हातात दिला. अध्यक्षांनी कपाळावरचा घाम पुसला, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं, "समाधानकारक पुराव्याच्या अभावी हा पुरस्कार देता येत नाही."

भाची रागाने लालेलाल होऊन उठली. मावशी मात्र अध्यक्षांकडे बघतच राहिली होती, आणि तिचा चेहरा असा काही उजळला होता की बस्स.



"एकदाही अडखळला नाही गं!" तिच्या तोंडून निसटलं.