मुरवलेले बूट

लग्नापासून हे पुढे आणि मी मागे. ‘अहो, जरा थांबा,’ म्हणून माझी जीभ झिजली, पण यांचा पाय काही थांबला नाही.

डोंगर चढायचं ठरलं, तेव्हा मी बूट संध्याकाळी घेतले. कामानं पाय फुगलेले असताना, जाड मोजे घालून. मग ते पायात मुरावेत म्हणून रोज घालूनच केर काढला, भांडी घासली.

‘स्वयंपाकघरात कुठला डोंगर गं?’ हे हसायचे. यांचे नवे बूट खोक्यात झोपलेले.

अर्ध्या चढावर मागून आवाज आला, ‘अगं, जरा थांब. टाचा सोलवटल्या.’

मी थांबले. टाचेला लावायची पट्टी माझ्या खिशातच होती. पण लगेच वळले नाही. आधी पोटभर हसून घेतलं.