पत्र्यावरचं घोंगडं

मोरगावच्या माळावरच्या वस्तीला अजून विजेचे खांब पोचले नव्हते, पण आबाजींच्या पत्र्यावर सोलरची काच बसली आणि घरात टीव्ही सुरू झाला. "ना मीटर, ना बिल. काचंनं दिवसभर ऊन खायाचं आन् सांजच्याला वीज द्यायाची," असं ते येईल त्याला सांगत. रोज संध्याकाळी सगळी वस्ती त्यांच्या ओसरीवर जमायची. पुढं मात्र टीव्ही अधूनमधून रुसायला लागला. आबाजींनी काच धुतली, बॅटरीत पाणी घातलं, तरी तेच.

ऐन वैशाखात एका दुपारी ते शेळ्या घेऊन लवकर परतले. बघतात तर काचेवर त्यांचंच घोंगडं अंथरलेलं आणि बायको, गोजरबाई, शिडीवरून खाली उतरतेय.

"अगं, काच झाकल्यावर वीज कशी तयार व्हायची?"

"न्हाय व्हायची. ठावं हाय मला."

"मग?"

"टीव्हीचं बिल येत न्हाय ते खरं. पन टीव्ही बघाया आल्यालं मानूस बिनचहाचं धाडता येतं का? शेळ्या आटल्यात. आज चहाला दूध न्हाय."

 आबाजी शिडी चढले, घोंगड्याचं वाऱ्यानं उलटलेलं टोक नीट ओढलं आणि खाली आले.

संध्याकाळी वस्ती जमली. मुंडाशाच्या टोकानं मानेवरचा घाम पुसत आबाजी म्हणाले, "आज ऊनच कमी पडलं बघा."