ओढ्याकाठची पाहणी

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण पूररेषा आखताना टेपचं दुसरं टोक चक्क खेकड्यानं धरलं होतं!" परवाना खात्यातून निवृत्त झालेले बाबा लेकीच्या अंगणाच्या कठड्याला रेलून म्हणाले.

लेक हसली नाही. तिचं घर त्यांच्याच परवानगीनं ओढ्याकाठी उभं होतं. ते टिकेल ना, हे विचारायला तिनं त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. खालच्या संथ पाण्यात झाडं दिसत होती, कुंपण दिसत होतं, वाळत घातलेला टॉवेलसुद्धा दिसत होता. घर तेवढं दिसत नव्हतं. तिनं बोटानं तिकडं दाखवलं.

"उन्हाचे खेळ गं, वेडाबाई! कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो मी."

बाबा खाली वाकले. पाण्यात लेक दिसली. तिच्या शेजारी कुणीच नव्हतं.

"थापा पुरे, बाबा," ती हळूच म्हणाली. "तुम्ही पाहणीला इथं आलाच नव्हतात."