एकोणपन्नास नंबरचं रडणं

संजयने आधी चार दाबलं, मग नऊ. कीबोर्डच्या काचेवर एकोणपन्नास उमटलं. व्हायोलिन. त्याने एक सूर धरून पाहिला, तर मांडवाच्या कडेला बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी लगेच पदर डोळ्यांना लावला.

"हेच पाह्यजे," बसंतीबाई म्हणाली. "आता हलवू नको. हात बी लावू नको."

बसंतीबाई नवरीची आई, आणि तिच्या जिवाला घोर लागला होता. घटकाभरात अंजूची पाठवणी होती. दिग्रसजवळच्या त्या बंजारा तांड्यात मुलगी सासरी निघाली की ढावलो गायची. आई, बाप, आजी, एकेकाच्या गळ्यात पडून, लांब हेल काढून, रडत रडत. ढावलो कोरडा गेला की संपलं. पोरीला घरच्यांची माया नव्हती, जायची घाई झाली होती, असं वऱ्हाडातल्या बाया वर्षानुवर्षं बोलत. आणि अंजूला रडूच येत नव्हतं.

येणार कुठून? नवरा तिने स्वतः पसंत केलेला. सासर पलीकडच्या तांड्यात, इतकं जवळ की तिथल्या अंगणातून माहेरची म्हैस ओळखू यावी. आजीने, म्हणजे जमनीने, महिनाभर तिच्याकडून ढावलो घोटून घेतला होता. शब्द पाठ झाले, हेल जमले, पण डोळे कोरडे ठणठणीत. कांदा चोळूनही झाला. कांद्याने बसंतीबाईच रडली.

जमनीला हे फार लागलं होतं. तिचा स्वतःचा ढावलो म्हणजे तांड्याची शान. पन्नास वर्षांपूर्वी ती असे हुंदके देऊन रडली होती की दोन बायांनी तिला धरून उभं ठेवलं, असं लोक अजून सांगत. आज ती मांडवात सगळ्यांच्या पुढे काठी टेकून बसली होती, परीक्षा घ्यायला बसावं तशी.

म्हणून बसंतीबाईने नणदेच्या पोराला, संजयला, गळ घातली होती. ढावल्याला वाजंत्री लागत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण सिनेमात माणूस मेलं की जो आवाज येतो तो मागून लावला, तर पोरीला रडू फुटेल, असा तिचा हिशोब. संजय दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. एका वर्षी कापूस बोंडातच सडला, जिनिंग बंद पडली आणि संजय लग्नांतून कीबोर्ड वाजवू लागला. कीबोर्ड मात्र अजून जिनिंगच्याच खोलीत राहायचा. रुईचे तंतू त्याच्या बटनांखाली शिरून बसले होते. नऊचं बटन तर एकदा खाली गेलं की कधी कधी वर यायचं विसरून जायचं.

अंजूने घुंगट ओढला, आईच्या गळ्यात हात टाकले आणि "याडीऽऽ" अशी आईला हाक घालत पहिला हेल काढला. कोरडा. वऱ्हाडातल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. बसंतीबाईने लेकीच्या खांद्यावरून संजयला डोळ्याने खुणावलं. नेमकं तेव्हाच नऊचं बटन आपल्या मनाने आणखी दोनदा लागलं आणि काचेवर नव्याण्णव आलं. संजयने ते पाहिलं नाही. त्याने डोळे मिटले आणि जीव ओतून सूर धरला.

"भौ," कीबोर्ड म्हणाला.

नव्याण्णव नंबरवर कंपनीने कुत्रा ठेवला होता. संजयने घाबरून वरची पट्टी दाबली. पिल्लू. खालची दाबली. म्हातारा कुत्रा, दमेकरी. तोवर बोटं सवयीने पुढे गेली आणि ढावल्याची चाल लाउडस्पीकरवरून, अगदी सुरात, भुंकत निघाली. तांड्यातली खरी कुत्री आधी गप्प झाली. मग एकाने मान वर करून साथ दिली, मग सगळ्यांनी.

"बंद कर ना बे ते!" नवरीचा बाप धावजी ओरडला.

"मामा, बटन फसलं!" संजयने वायर उपटली. पण आत सेल होते, आणि आता पट्ट्याही फसल्या होत्या.

अंजूचा हेल मध्येच तुटला. तिचे खांदे हलले. मग ती सगळीच हलू लागली, आईच्या छातीत तोंड दाबून, श्वास कोंडून, गुडघ्यांत मोडत. घुंगटातून जो आवाज आला तो ऐकून वऱ्हाडातल्या बाया चपापल्या. हसणाऱ्या पुरुषांना त्यांनी झापलं.

"बापा, कसं रडून राह्यलं लेकरू! अन् तुमी दात काढता?"

बसंतीबाईला घाम फुटला. तिला एकटीलाच कळलं होतं. पोरगी हसत होती, खदाखदा. आणि आता रीतीप्रमाणे तिला आजीच्या गळ्यात पडायचं होतं. ढावल्यातली खोट जमनीच्या कानातून कधी सुटली नव्हती. तिने घुंगट वर केला की सगळ्या वऱ्हाडापुढे अब्रू जाणार होती.

जमनी उठली. तिने काठी खाली टाकली, नातीला जवळ ओढलं आणि तिच्या घुंगटात डोकं घातलं. कीबोर्ड भुंकतच होता. बसंतीबाईने डोळे गच्च मिटले. काहीच झालं नाही. उघडून पाहिलं तर म्हातारीचेही खांदे गदगदत होते.

"म्या पाह्यलतं जमनीच्या लग्नात," सोनीबाई नावाची एक थकलेली बाई नाक पुसत म्हणाली. "अशीच रडलती. अस्सीच."

घुंगटाच्या आत जमनीने अंजूच्या कानाला तोंड लावलं.

"हास, छोरी, पन सूर लांबव," ती कशीबशी म्हणाली. "माह्या ढावल्याच्या वक्ती बकरीनं तुह्या आज्याचं पागोटं खाल्लतं."