फ्रेंड्समधला एस

रेवाच्या निबंधातल्या ‘आय अ‍ॅम फ्रेंड्स विथ नाझनीन’ या वाक्यातला एस गुरव सरांनी लाल पेनाने खोडला. “मैत्रीण एकच, मग फ्रेंड्स कशाला?” त्यांनी तिला विचारलं. नाझनीननेही रेवाबद्दल तसंच लिहिलं होतं. “दोघींची चूक सारखी, म्हणजे कॉपी,” असं म्हणून सरांनी दोघींना शून्य दिलं.

दुसऱ्या दिवशी रेवाने वाचनालयातला शब्दकोश वर्गात सरांच्या टेबलावर उघडून ठेवला. तिथे तशाच वाक्यात एस होता.

“मैत्री दोघींची असते सर, म्हणून एस लागतो.” रेवाने त्या एसवर बोट ठेवलं. “चूकच नव्हती, तर कॉपी कसली?”

सरांनी शून्य खोडून गुण दिले. रेवा तिथून हलली नाही.

“कॉपी केली, हे तुम्ही भर वर्गात म्हणाला होतात.”

सर खुर्चीतून उठले आणि वर्गाकडे वळले.