केसभर ब्रेक

अक्षताची सायकल टेम्पोतून उतरली, तेव्हा भागवत मिस्त्री दुकानात पाठमोरा बसून स्वच्छच साखळी पुन्हा पुसत होता.

"मिस्त्री, हारलो बरं का तुमच्यापुढं," तिचे वडील धम्मपाल सर म्हणाले.

तीर्थपुरीत हा वाद वर्षभर पेटला होता. सर म्हणायचे, वारा कापणारी फ्रेम पाहिजे. लेकीसाठी त्यांनी पुण्याहून चपट्या नळ्यांची फ्रेम आणली होती. मिस्त्री म्हणायचा, फ्रेम म्हणजे नुसता सांगाडा, पळतं ते चाक! या वादापायी गावात दोन ठरलेल्या सोयरिकी मोडल्या म्हणतात.

"कितवी आली?" मिस्त्रीनं मान वर न करता विचारलं.

"तिसरी. पहिल्या दोघीच जाणार राज्याच्या शर्यतीला." अक्षताच्या गालावर घामाचं मीठ वाळलं होतं. "एका चाकानं राह्यले, काका. पाय फाटेस्तोवर पायडल मारले. तुमचंच बराबर. फ्रेमनं काई होत न्हाई."

"विकून टाकतो आता," सर म्हणाले.

सकाळी शर्यतीआधी सायकल याच दुकानात तपासायला आली होती. मिस्त्रीनं मागच्या ब्रेकचं रबर चाकाकडं सरकवलं होतं. घासण्यापुरतं, केसभरच. पोरगी पहिली नाही, दुसरी येईल, राज्याला जाईल, आणि सरांची फ्रेम तेवढी तोंडावर पडेल, असा त्याचा बेत.

चहा आला. मिस्त्रीच्या हातचं चाक चहा संपेपर्यंत फिरतं, ही पंचक्रोशीतली ख्याती. पोळ्याला फिरवलेलं एक चाक दसऱ्याला थांबलं, असं तो स्वतः शपथेवर सांगायचा.

अक्षतानं सायकल उलटी ठेवली. "फिरवा की, काका. या चाकाला काय कमी पडलं ते सांगा. मंग तसं नवीन घेऊ."

"राहू दे, माय. दमलीस तू."

मग तिनंच मागचं चाक फिरवलं.

सर्र... सर्र... सर्र.

मिस्त्रीची बशी अजून ओठाला लागली नव्हती. चाक थांबलं होतं.

सर चाकाकडं बघत राहिले. मग ब्रेककडं. मग मिस्त्रीच्या हाताकडं. मिस्त्रीनं चहा न पिताच बशी खाली ठेवली.

"घ्या ना, काका," अक्षता म्हणाली, "गार होऊन राह्यला."